बँजोची घोडी जागेवर आणताना: माझा अनुभव

पाच तारांचा नवा बँजो घरी आणला की तो लगेच सुरात वाजणार, असं मी धरून चालले होते. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या लाकडी पट्टीची, जागा आपली आपण बसवायची असते, हे सुरुवातीला कुणीच सांगत नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

लक्षण अगदी ठरलेलं. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख: पाचवीपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी. सातव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी सातवीवर) बोट आडवं टाकलं की कॉर्ड कडू लागतो. कितीही खुंट्या पिळा, हे सुटत नाही. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने हेडवर, म्हणजे समोरच्या ताणलेल्या पडद्यावर, नुसती उभी असते. प्रवासात ती सरकते, सगळ्या तारा एकदम काढल्या तर पडतेच. तारा नेहमी एकेक करून बदलाव्यात.

आधी मोजायचं. नटपासून (गळ्याच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढे घोडीपर्यंत. मग कानाने. पहिल्या तारेला बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर नुसतं बोट लावून हार्मोनिक काढा, नंतर तिथेच दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तिकडे), उतरलेला असेल तर गळ्याकडे. तारा थोड्या सैल करून घोडी पायांपाशी धरायची आणि एका वेळी जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकवायची. पुन्हा सूर लावून पुन्हा तपासायचं. मग हेच चौथ्या तारेवर. तिथे घोडीचं टोक किंचित टेलपीसकडे तिरकं राहतं. तिसरी तार बऱ्याचदा थोडी चढीच राहते, तिच्यापायी बाकीच्या बिघडवू नका. जुळलं की पायांभोवती पेन्सिलीची बारीक खूण करा.

खुंट्या आवळताना घोडीचा माथा गळ्याकडे झुकतो, तो पुन्हा सरळ करायचा. आणि जुन्या, गंजलेल्या तारांवर ही मेहनत फुकट जाते.

खरं तर या सगळ्याच्या आधी हेड बघायला हवं. घोडीखाली ते खोलगट दिसत असेल तर ते सैल आहे: आवाज बसका येतो, तारा खाली जाऊन फ्रेटवर खरखरतात. हेड ताणून धरणाऱ्या कड्यांचे, आवळायचे नट समोरासमोरचे, प्रत्येकी अष्टमांश फेरा आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर हेड फाटू शकतं.

निवडताना पाच तारांचाच घ्या. चार तारांचा टेनर वेगळ्या सुरांत लागतो, त्यावर रोलचे (बोटांनी ठरलेल्या क्रमाने तारा छेडण्याचे) धडे चालत नाहीत. क्लॉहॅमरसाठी (नखाने तारेवर खाली मारत वाजवण्याची शैली) मागून उघडा, हलका बरा. ब्लूग्राससाठी (नख्यांनी वाजवायची अमेरिकी शैली) रेझोनेटरचा, म्हणजे मागे आवाज पुढे फेकणारं झाकण असलेला, पण हेडखाली धातूच्या कड्याचा, म्हणजे टोन रिंगचा असेल तर खांदा भरून येतो. पाचव्या तारेची खुंटी गिअरची आहे ना, हे आधी फिरवून बघा. नुसत्या घर्षणावर धरणारी खुंटी सूर सोडत राहते.

उजव्या हाताचं थोडक्यात: अंगठ्याला प्लास्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूच्या, पातं बोटाच्या पोटावर. अनामिका किंवा करंगळी हेडवर टेकवायची. फॉरवर्ड रोलचे आठ स्वर ३-३-२ असे बसतात, पण आठही सारख्या अंतराने पडले पाहिजेत. तिनातिनाचे झोके येऊ लागले की मेट्रोनोम ६० वर आणा.