सीपी आणि सीएमएस : मेनफ्रेमच्या आभासी यंत्रांशी माझी ओळख

नोकरीनिमित्त मेनफ्रेमशी, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या मोठ्या संगणकांशी, संबंध येणार हे ठरल्यावर रुजू होण्याआधीच मी फोंड्याच्या घरी लॅपटॉपवर अभ्यासाला सुरुवात केली. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलीस हा एम्युलेटर आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेमची हुबेहूब नक्कल करतो, आणि १९७२ साली जाहीर झालेली व्हीएम/३७० ही प्रणाली त्यावर आजही चालते; ती प्रत्येक वापरकर्त्याला एक आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक, देते. तिच्याशी बोलण्यासाठी ३२७० जातीच्या टर्मिनलची, म्हणजे पडदा-कळफलकाची, नक्कल करणारा आणखी एक प्रोग्रॅम लागतो. ही जुळवाजुळव फारशी अवघड नाही.

खरा अभ्यास लॉगऑननंतर सुरू झाला. मुंबईत बँकेच्या संगणक विभागात नोकरी करून गावी परतलेले आमच्या शेजारचे काका म्हणाले, "तुला इथं नुसतं खातं मिळालेलं नाही, अख्खं यंत्र मिळालंय. काय काय मिळालंय ते आधी विचारून बघ." त्याप्रमाणे 'क्वेरी व्हर्च्युअल' ही आज्ञा दिली, तेव्हा माझ्या वाट्याची स्मृती, ००९ क्रमांकाचा कन्सोल, ००सी हा कार्ड रीडर (भोके पाडलेले कागदी पत्ते, म्हणजे कार्डे, वाचणारा), ००डी हा पंच (असे पत्ते तयार करणारा), ००ई हा प्रिंटर आणि १९० व १९१ या डिस्क पडद्यावर ओळीने आल्या. हे यंत्र सीपी, म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम, उभे करतो; त्यावर चालणारी सीएमएस ही एकाच माणसासाठी बनवलेली कार्यप्रणाली आहे. अनेकांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम सीपीने अंगावर घेतल्यामुळेच सीएमएस इतकी लहान आणि चपळ राहू शकली, आणि ही विभागणी मला या साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'सीपी रीड' दिसते की 'व्हीएम रीड', यावरून आपली आज्ञा दोघांपैकी कोण ऐकणार आहे ते कळते. तेथेच 'मोअर' आले तर पडदा भरला आहे, आणि क्लिअर कळ दाबली की पुढचा मजकूर येतो.

दोन आभासी यंत्रांमध्ये फाइल पाठवण्याची पद्धत तर पाहतच राहावी अशी आहे. एका यंत्राचा पंच 'स्पूल' आज्ञेने दुसऱ्याच्या नावे जोडायचा, 'पंच' आज्ञेने फाइल सोडायची, आणि ती दुसऱ्याच्या रीडरमध्ये पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखी जाऊन पडते. तिकडे 'रीडकार्ड' म्हटले की सर्वांत वरच्या पत्त्यावर नोंदलेल्या नावानिशी ती डिस्कवर उतरते. कागदी पत्ता कुठेच नसतो, तरी एका ओळीत ८० अक्षरे ही त्याची मर्यादा मात्र कायम आहे. त्याहून लांब ओळींसाठी 'डिस्क डंप' वापरावे लागते.

रीडरमध्ये न उचललेल्या फाइली स्पूलमध्ये, म्हणजे सीपीच्या तात्पुरत्या साठ्यात, असतात, म्हणून प्रणाली बंद करण्याची रीत नवशिक्याने पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी उतरू लागली की मी ऑपरेटरच्या कन्सोलवरून 'शटडाउन' देतो. मग पुढच्या वेळी 'वॉर्म' पद्धतीने सुरू करता येते आणि स्पूलमधल्या फाइली जशाच्या तशा मिळतात. अचानक बंद पडल्यास 'चेकपॉइंट' पद्धत वापरून पाहता येते. 'कोल्ड' पद्धतीने सुरू केले, तर त्या फाइली जातात.