जर्मनीत रोज लागणारी हत्यारं, आणि त्यातलं पहिलं मराठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला येणारी मुलं भाषेची तयारी बहुतेक इंग्रजीतून करतात. पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, क्लासही इंग्रजीत. त्यात फार वेळ वाया जातो, कारण जर्मनच्या निम्म्या अडचणी मराठी माणसाला मुळात अडचणी नाहीतच.

आकडे घ्या. जर्मनमध्ये 25 ला 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस. आपलं पंचवीसही तसंच, आधी पाच मग वीस. इंग्रजीतून ऐकणारा आकडा उलटा करत बसतो आणि 52 लिहितो. मराठीतून ऐकलं तर उलटं करायचं कामच उरत नाही. अपवाद फक्त आपल्या 'एकोण'चा. 29, 39, 49 अशा 89 पर्यंतच्या आकड्यांना जर्मन माणूस सरळ नऊ-आणि-वीस, नऊ-आणि-तीस म्हणतो. फोनवर 'त्स्वो' ऐकू आलं तर तो दोनच. 'त्स्वाय' (दोन) आणि 'द्राय' (तीन) यांत घोळ होऊ नये म्हणून तसं म्हणतात. फोन नंबर जोडीजोडीनं सांगितला जातो, तो पकडता आला नाही तर एकेक आकडा सांगायची विनंती करा, कुणाला वावगं वाटत नाही. लिहितानाची एक गोष्ट ध्यानात असू द्या: इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. 3,49 म्हणजे साडेतीन युरोला एक सेंट कमी, आणि भाडेकरारातलं 1.250 म्हणजे बाराशे पन्नास.

वेळेचा घोळ याहून महागात पडतो. 'हाल्प झीबेन' म्हणजे शब्दशः अर्धे सात, पण वेळ साडेसहाची. ती साडेसात समजली की डॉक्टरची वेळ गेली. इथेही मराठीच कामाला येते. पावणेसात म्हणताना आपण येणाऱ्या तासाचं नाव घेतो ना? जर्मन माणूस अर्ध्या तासालाही तेच करतो. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या काही भागांत तर 6:45 ला 'द्रायफिर्टेल झीबेन', म्हणजे पाऊण सात, म्हणतात. तिथे 'फिर्टेल झीबेन' हे सव्वासहा असतं, सव्वासात नव्हे.

आता लिंग. डेअर, दी, दास या तिघांना घाबरण्याचं आपल्याला कारण नाही. तो, ती, ते आपण जन्मापासून बोलतो. इंग्रजीत तिघांनाही एकच 'द', म्हणून इंग्रजीतून शब्द पाठ केले की लिंग वाटेतच गळून पडतं. मात्र आपलं लिंग आणि त्यांचं लिंग जुळेलच असं नाही. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. पण सूर्य आपल्याकडे तो आणि तिकडे 'दी झोनं', म्हणजे ती. दार आपलं ते, त्यांचं 'दी ट्यूअर'. खिडकी आपली ती, त्यांचं 'दास फेन्स्टर'. जेवणाच्या टेबलावर तिन्ही लिंगं एकत्र सापडतात: चमचा 'डेअर ल्योफेल', काटा 'दी गाबेल', सुरी 'दास मेसर'. काही शेपट्या मात्र भरवशाच्या आहेत. शब्दाच्या शेवटी उंग, हाइट किंवा काइट हा प्रत्यय असेल तर स्त्रीलिंग; लहानपण दाखवणारा 'खेन' असेल तर नपुंसकलिंग.

हे डोक्यात बसवायला अँकी पुरेसं आहे, म्हणजे प्रश्नोत्तरांचे पत्ते दाखवून उजळणी करून घेणारं ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. तयार पत्ते उतरवून घेऊ नका, ते बहुतेक इंग्रजीतून बनवलेले असतात. स्वतः बनवा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे पूर्ण जर्मन वाक्य, खाली नामाचं लिंग आणि अनेकवचन. अनेकवचन सोडलंत तर ते पुन्हा वेगळं पाठ करावं लागतं, कारण त्याला एक नियम नाही. तिन्ही लिंगांना तीन रंग ठरवा, आणि जिथे मराठीशी लिंग जुळत नाही त्या पत्त्यावर एक खूण करा. चुका तिथेच होतात. ॲपमध्ये रोज 20 नवे पत्ते असं आधीच ठरवलेलं असतं, ते 10 वर आणा. नव्या पत्त्यांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी रोज अंगावर येते. 20 ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दीड-दोनशेची थप्पी साचते आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. एखादा दिवस चुकला तर नवे पत्ते शून्यावर आणून आधी उजळणी संपवा.

वाक्यरचनेतही मराठी अर्धी वाट सोबत करते. 'वाइल', म्हणजे कारण, आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: 'वाइल इख क्रांक बिन', कारण मी आजारी आहे. 'बिन' आणि 'आहे' एकाच जागी. साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी हवं, तिथे मराठीची मदत नाही. ते कानानंच बसतं. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारणसंस्था हळू वाचलेल्या बातम्या मजकुरासह देते. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्यानं म्हणायचं; दहा मिनिटं पुरतात. घरी अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी असं वाढलेल्या मुलांना कानानं भाषा उचलायची सवय असतेच, तिच्यावर विश्वास ठेवा.

बाकी हत्यारं थोडक्यात. वीज इथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे घरचा मिक्सर चालतो, अडचण पिनेची. सगळ्या देशांत चालणारा जो चौकोनी अडॅप्टर मिळतो, त्यात आपली तिसरी जाड पिन बहुधा नुसत्या प्लास्टिकच्या भोकात बसते, अर्थिंग मिळतच नाही. मोबाइलच्या चार्जरला चालेल, इस्त्रीला नाही. जर्मन सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या दोन पट्ट्यांतून येतं, म्हणून अडॅप्टरच्या कडेला धातूच्या पट्ट्या आहेत का ते पाहूनच घ्या.

घरच्या फोनची वेळ कॅलेंडरमध्ये भारताच्या वेळेनं नोंदवा. हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीनचा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो. आईची रात्री साडेआठची वेळ हिवाळ्यात इथे दुपारी चारला येते, उन्हाळ्यात पाचला.

पिशवीत एक साधं लोहचुंबक टाका. शेगडी इंडक्शनची असेल तर ज्या तव्याला चुंबक चिकटत नाही तो तापणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर गेला, बिडाचा तवा उत्तम. काचेखाली लाल होणारी साधी विजेची शेगडी असेल तर सगळं चालतं.

आणि भरीत. रविवारचा याहून चांगला छंद नाही. जळगावकडच्या बामणोदची पांढरट हिरवी वांगी इथे मिळत नाहीत, जांभळी घ्या. एक किलोत मध्यम आकाराची तीन-चार बसतात. काट्यानं पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात. 220 अंशांवर 40 ते 50 मिनिटं, मध्ये एकदा उलटवा. एवढ्यानं वांगं शिजतं, पण भाजल्याचा वास येत नाही. म्हणून शेवटी वरची ग्रिल लावून साल काळी होईपर्यंत आणखी पाच ते आठ मिनिटं ठेवा. जांभळ्या वांग्याला पाणी फार सुटतं, सोलल्यावर पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्या. हे केलं नाही तर भरिताची भाजी होते. बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात लाकडी रवीनं ठेचा, मिक्सर नको, चिकट होतं. आठ-दहा हिरव्या मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि अर्धी वाटी शेंगदाणे तेलात परता. सुपरमार्केटमधल्या मोठ्या मिरच्या मिळमिळीत असतात, आशियाई दुकानातल्या बारीक आणा. कांद्याची पात 'फ्र्यूलिंग्स-त्स्विबेल्न' नावानं जुडीत मिळते. परतण्याआधी खिडकी पूर्ण उघडा, कारण घरोघरी छताला धुराची घंटा असते.

सोबत कळण्याची भाकरी हवी तर चार वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी अख्ख्या काळ्या उडदाचं पीठ. 'हिर्झं' लिहिलेल्या पुड्याला ज्वारी समजू नका, ती बहुतेक वरीच्या जातीची असते. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातूनच आणा आणि पुड्यावरची तारीख बघा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. तसं झालं तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा.