ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे झालं का बे?

भाचा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी तर्री पोहे खाता खाता म्हणे, मामा, बिझनेस एथिक्स म्हणजे फुकटचे मार्क, काहीही लिहून या. म्हटलं थांब, तुले माझंच सांगतो.

बीकॉम झाल्यावर मी नागपूरच्या इतवारीत एका होलसेल दुकानात अकाउंटंट होतो, वायर-स्विचचा माल. 31 मार्चला संध्याकाळी शेठ टेबलाजवळ आले अन् म्हणाले, अमरावतीच्या पार्टीच्या नावानं 6 लाखाचं बिल काढून ठेव, मालाचं नंतर पाहू. पार्टीनं ऑर्डरच दिली नव्हती! पण बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, रिन्यूअलला होतं आणि सेल कमी दिसून राहिला होता. मी गुपचूप एंट्री मारली, पार्टी डेबिट 7,08,000, सेल क्रेडिट 6 लाख, उरलेला 18 टक्के जीएसटी. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिटचा तक्ता, पैशाला पैसा जुळला. जुळणारच ना, दोन्ही बाजूला सारखाच आकडा टाकला की तो जुळतो, खरंखोटं त्याला काय माहीत. टॅलीत वायरची बंडलं विकली गेली होती आणि मी मागं वळून पाहिलं तर ती रॅकवरच, धूळसुद्धा तशीच.

कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चा, पहिल्याच धड्यात ऑफर आणि ॲक्सेप्टन्स आहे. इथं दोन्ही नाही, म्हणजे करारच नाही. आणि समजा ऑर्डर असती तरी सेल ऑफ गुड्स ॲक्ट 1930 चं कलम 18 म्हणतं की नेमका कोणता माल ते ठरेपर्यंत मालकी जात नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झालेलो होतो बरं का, तरी एंट्री करताना एक कलम आठवलं नाही.

पकडलं कोणी? जीएसटीनं. आमचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, गेला आणि 14 एप्रिलनंतर ते बिल पार्टीच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तिच्या खरेदीच्या यादीत, दिसलं, तिथल्या मुनीमजींचा फोन, 'ओ भाऊ, हे सात लाखाचं बिल कायचं आहे?' मग ते बिल उलटवायला क्रेडिट नोट काढली. तोवर लिमिट रिन्यू होऊन गेलं होतं.

भाचा म्हणे, पण फसवलं शेठनं, तू तर नोकर. इथंच पोट्टे चुकतात. तेव्हाच्या आयपीसीचं कलम 477अ, आता भारतीय न्याय संहितेत 344, काढून वाच. फसवण्याच्या इराद्यानं खोटी नोंद करणारा 'क्लार्क, ऑफिसर किंवा नोकर' असे शब्दच आहेत त्यात, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. सत्यम या आयटी कंपनीत 2009 साली चेअरमनच्या कबुलीच्या पत्रात 5,040 कोटींची नसलेली रोकड निघाली, तिथंही कोणीतरी बसून एंट्र्या मारल्याच असतील ना.

मग तू नोकरी सोडली का, त्यानं विचारलं. दिवाळीचा बोनस घेऊन सोडली, म्हटलं.