समाधी मोडली ते पान

वाचनालयातून आणलेल्या जुन्या भयकादंबरीचं बारावं पान. समासात पेन्सिलीने, बारीक पण ठाम अक्षरात: ‘नोकर आधीच मेलेला आहे.’ बडोद्यातली मे महिन्याची दुपार, पंखा गरम हवाच फिरवतोय, दांडिया बाजारात शटरं अर्धी खाली, आणि एवढ्याशा वाक्याने पुढची दोनशे पानं वाया.

तसं बघितलं तर हेही परीक्षणच, आणि मोजकं. छापून येणारी पुष्कळ परीक्षणं याच कामाला दोन कॉलम घेतात. आधी सगळं कथानक, मग ‘भाषा ओघवती आहे’, मग मुखपृष्ठाचं कौतुक, शेवटी मुद्रणदोषांची तक्रार. तक्रार असली म्हणजे निदान पुस्तक उघडलं होतं एवढं तरी कळतं.

बडोद्यात बसून हा विषय काढला की केळकर आठवायचेच. 1921 साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपण कोण हे भान सुटत नाही. पुढे त्यावर पंडितांनी बरीच शाई खर्च केली. परीक्षण लिहिणाऱ्याला मात्र त्यातून एक कामाची रीत मिळते: समाधी मोडली त्या पानाचा आकडा टिपायचा, कारण नंतर शोधायचं. पुस्तक आपलं असेल तर समासात टिंब, नसेल तर खुणेच्या पट्टीवर आकडा. वाचून संपलं की त्या पानांवर परत जायचं. काही ठिकाणी दोष आपलाच निघतो. फोन वाजला होता, डोळा लागला होता. ते आकडे खोडावेत. उरलेले पुस्तकाच्या खात्यावर.

अद्भुत कादंबरीत समाधी राक्षसामुळे मोडत नाही. राक्षस चालतो. मंत्राचा भाव उतरला की मोडते. पाचव्या प्रकरणात एका मंत्रापायी आयुष्याचं एक वर्ष द्यावं लागतं आणि शेवटच्या लढाईत नायक तोच मंत्र फुकट उधळतो, तेव्हा लेखकाने आपल्याला गंडवलेलं असतं. म्हणून पट्टीच्या मागे नियम लिहून ठेवावेत: कोण काय करू शकतो, कशाच्या बदल्यात, कुठल्या पानावर सांगितलं. नकाशा दिला असेल तर अंतरंही मोजावीत. घोडा दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जातो. एका रात्रीत चारशे गेला तर त्याला पंख आहेत असं आधी सांगायला हवं होतं.

विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट माफ. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सने 1895 मध्ये काळयंत्र रचलं तेव्हा निकेल, हस्तिदंत, स्फटिक असे सुटे भाग डोळ्यांसमोर ठेवले, पण ते चालतं कसं याचा पत्ता लागू दिला नाही. यंत्र एकदा मान्य केलं की पुढचं सगळं त्याच हिशोबाने. तेव्हा दुसरं अशक्य कुठे घुसवलंय, तेवढं बघावं. पण विज्ञानाच्या चुका काढण्यातच लेख संपवू नये. मंगळावर निरोप पोचायला अंतराप्रमाणे साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात. तिथल्या नवऱ्याशी बायको इथून तोंडाला तोंड देत भांडत असेल आणि घटस्फोट त्या भांडणावरच ठरणार असेल, तर ती चूक नोंदवावी. नाहीतर भांडू द्यावं.

भयकादंबरी पहिल्यांदा पेन्सिलीशिवायच वाचावी, कारण दचकायला एकदाच मिळतं. दुसऱ्या वाचनात मोजायचं ते हे, की भूत समोर किती पानं आहे. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’त पहिली चार प्रकरणं रक्तपिपासू सरदार ड्रॅक्युला आपल्या वाड्यात समोर वावरतो, पुढे रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि तो स्वतः अगदी क्वचित. भीती त्या मधल्या जागेत वाढते. आपल्याकडे बऱ्याचदा विसाव्या पानावरच भुताचे दात, नखं, वासासकट वर्णन होऊन जातं आणि पुढे नुसती पळापळ उरते. परीक्षणात हे सांगताना पहिल्या चौथाईपलीकडचं काही फोडू नये. काय घडलं यापेक्षा कसं जमलं, ते लिहावं.

अभिजात कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. पाल्हाळाचा शिक्का मारण्याआधी ती मुळात कुठे छापून आली ते बघावं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः आली. आठवड्याने पुढचं प्रकरण हातात पडणाऱ्याला मागचं आठवून द्यावंच लागतं. आपण एका रविवारी सलग वाचतो आणि वर कुरकुरतो. आणि संक्षिप्त आवृत्ती वाचून मूळ कादंबरीवर मत देणाऱ्याला तर पुस्तकच देऊ नये.

राहता राहिलं नावाचं ओझं. 1974 मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं ते कथेला. लेखकाचं नाव न कळता वाचायचं हे भाग्य परीक्षण लिहिणाऱ्याला क्वचितच लाभतं. फार तर मुखपृष्ठावर ब्राउन पेपर चढवता येतो, मलपृष्ठासकट. लेखक ओळखीचा असेल तर त्याचाही उपयोग नाही. बडोद्याचं मराठी वर्तुळ केवढंसं. छापून आलं की माणूस गणपतीच्या आरतीला समोरच उभा. अशा वेळी परीक्षणाला सरळ नाही म्हणावं आणि पुस्तक विकत घ्यावं.