विरजणाचा पिंप: आमची वाटचाल

आज आम्ही सांगलीत कासवांच्या टाकीतल्या फिल्टरांसाठी लागणारं सामान विकतो, पण मी मूळचा ठिबकवाला. तासगाव, पलूस भागातल्या द्राक्षबागांत लॅटरल (ठिबकच्या नळ्या) अंथरायचे, पंपाशेजारी सॅन्ड फिल्टर आणि डिस्क फिल्टर बसवायचे आणि हंगामात ते साफ करून द्यायचे, हे काम मी बारा वर्षं केलं. ठिबकचा फिल्टर म्हणजे गाळणी. चकत्या ब्रशनं घासून लख्ख केल्या नाहीत तर ड्रिपर तुंबतात आणि ओळच्या ओळ वाळते. फिल्टर जितका स्वच्छ तितका चांगला, हे माझ्या हातात बसलेलं होतं.

२०११ साली मुलीच्या मामानं मुंबईहून तिच्यासाठी कासवाचं पिल्लू आणलं. कानामागं लाल पट्टा, पाठ नाण्याहून जराशी मोठी. मुलीनं नाव ठेवलं ठकी. ‘एवढीच राहते’ असं विकणाऱ्यानं मामाला सांगितलं होतं. दोन वर्षांत ठकी तळहाताएवढी झाली. टाकी अडीच फुटी, आत माशांसाठीचा छोटा फिल्टर, आणि खोलीत सतत एक उग्र वास.

मी ठिबकवाल्याची अक्कल लावली. दर रविवारी फिल्टर सोडवायचा, स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा सगळं नळाखाली धरून घासायचं, टाकीतलं पाणी पूर्ण उपसून नवं भरायचं. रविवारी संध्याकाळी पाणी काचेसारखं दिसायचं. मंगळवारी दुधाळ व्हायचं, गुरुवारी वास परत. मी मग आणखी जोरात घासायचो. शेवटी ठकीचे डोळे सुजले, तिनं खाणं सोडलं, आणि आम्ही तिला मिरजेला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “फिल्टर कसा धुता?” मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी जे समजावलं त्यावर आमचा पुढचा सगळा व्यवसाय उभा आहे. कासवाच्या लघवी-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, रिंगांच्या खरबरीत अंगावर घर करतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या फिल्टरमध्ये ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणू मारण्यासाठीच असतं. म्हणजे मी दर रविवारी ठकीच्या पाण्याची राखण करणारी वस्ती उठवत होतो आणि सोमवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावत होतो. डोळ्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरताही कारण होती, त्यासाठी त्यांनी खाणं बदललं. पण पाण्याचा दोष माझा होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

कासव हवेत श्वास घेतं, त्यामुळं मासा जसा बिघडलेल्या पाण्यात दोन दिवसांत मरतो तसं त्याचं होत नाही. ते महिनोन्महिने सोसतं. मग डोळे, कातडी, कवचाला कुज. म्हणून घरच्यांना पाण्याची कल्पना येते तोवर उशीर झालेला असतो.

पुढचा काही काळ मी घरीच प्रयोग केले. गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणला. तो आठवड्यात तुंबला आणि काही महिन्यांत त्याचा भुगा व्हायला लागला. फिल्टरचा फोम वेगळा असतो हे नंतर कळलं. त्याच्या छिद्रांमधले पातळ पडदे काढून टाकलेले असतात, म्हणून पाणी आरपार जातं आणि आतपर्यंत प्राणवायू पोचतो. तो इंचामागं किती छिद्रं यावर मोजतात. आम्ही जाडसाठी २० आणि बारीकसाठी ३० वापरतो. रिंगा महाग होत्या, तर घराची जुनी मंगलोरी कौलं फोडून, बोराएवढे तुकडे करून, धूळ जाईपर्यंत धुऊन भरली. भाजलेली माती सच्छिद्र असते, काम उत्तम करते. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्याही (साबण नसलेल्या, कोऱ्या) चालतात. हे मी आजही गिऱ्हाइकाला सांगतो. ज्याला माझ्या रिंगा परवडत नाहीत त्याच्या कासवालाही स्वच्छ पाणी मिळालं पाहिजे.

२०१४ साली सांगलीत गावभागात तळमजल्याचा एक गाळा भाड्यानं घेतला आणि ठिबकचं काम सोडलं. बायकोनं हिशेब आणि फोम कापणं अंगावर घेतलं. रिंगा भरायच्या जाळीच्या पिशव्या शेजारच्या दोन ताई शिवून द्यायच्या. पहिल्या खेपेला धातूची चेन लावली, ती गंजली, तेव्हापासून नायलॉनची. एका पाकिटात जाड फोम, बारीक फोम, फ्लॉस (बारीक घाण अडवणारा कापसासारखा थर) आणि रिंगांची पिशवी. कोल्हापूर, इचलकरंजी, कराडला एसटी पार्सलनं माल जायचा.

सुरुवातीला पाकिटात कार्बनही (कोळशाचे दाणे) होता आणि तो दर महिन्याला बदलावा लागत असल्यानं आमची कमाई त्यावरच जास्त होती. पण कार्बन रंग आणि वास शोषतो, अमोनियाला तो हात लावत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत भरून जातो. वास आला की लोक कार्बन बदलायचे आणि मूळ दुखणं तसंच राहायचं. २०१६ मध्ये आम्ही तो नेहमीच्या पाकिटातून काढला. आता औषधोपचार संपल्यावर पाण्यातलं औषध काढून घ्यायला कुणी मागितला तरच देतो. झिओलाइट हा खनिज खडा अमोनिया खरोखर धरतो, पण तो अडीनडीला, नव्या टाकीत पहिले काही दिवस. त्याच्या भरवशावर टाकी चालवू नये.

मांडणीत लोक सर्रास चुकतात. बहुतेक कॅनिस्टरमध्ये (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) पाणी खालून वर चढतं. म्हणून जाड फोम तळाला, त्यावर बारीक, मग फ्लॉस, आणि रिंगा सगळ्यात वर. घाण आधीच अडली तर रिंगांची छिद्रं बुजत नाहीत. आणि फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा माशांसाठी असतो. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून २०० लिटरची टाकी असेल तर ४०० ते ६०० लिटरसाठीचा फिल्टर घ्या. खायला वेगळ्या टबात घातलंत तर फिल्टरवरचा बोजा निम्म्यानं हलका झाल्यासारखा वाटतो, हा आमच्या घरचा अनुभव.

धुण्याचं मी फोनवर रोज सांगतो, तरी परत सांगतो. फ्लॉस आठवड्याला फेकायचा. फोम टाकीतून काढलेल्याच पाण्यात बादलीत पिळायचा, जाड आणि बारीक एकाच दिवशी नाही. रिंगा दोन-तीन महिन्यांनी त्याच पाण्यात नुसत्या हलवायच्या, घासायच्या नाहीत. तपकिरी दिसल्या तर दिसू द्या. नवं पाणी भरताना हायपोचे खडे घालून क्लोरीन काढायचं. यातलं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करायचं नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीला याच कारणानं बंदी आहे.

वीज गेली तर काय, हा आमच्याकडचा खास प्रश्न. भारनियमनाच्या दिवसांत तो रोजचा होता. बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, पाणी सडतं. वीज आल्यावर फिल्टर तसाच चालू केला तर ते सगळं कासवाच्या अंगावर येतं. चार तासांच्या वर वीज नसेल तर झाकण उघडा, रिंगा टाकीच्या पाण्यात भिजत्या पण हवेशीर ठेवा, चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून द्या.

नव्या गिऱ्हाइकाला सहा आठवडे थांबायला लावायचं माझ्या जिवावर यायचं. त्यावर उपाय बायकोनं काढला. ती म्हणाली, “दह्याला विरजण लागतं, तसं याला का नको?” गाळ्यात एक निळा पिंप ठेवला, त्यात पंप, हवा आणि जाळीच्या पिशव्यांतून रिंगा. ठकीच्या टाकीतलं काढलेलं पाणी रोज थोडं त्यात ओतायचो, तेच जिवाणूंचं खाणं. नव्या टाकीबरोबर मूठभर जुन्या रिंगा ओल्या डब्यात द्यायच्या. मग नव्या टाकीतही जिवाणूंची वस्ती लवकर जमायची. याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं; तिथली धोक्याची पातळी ४५. ठकीला टबात घालून आम्ही विश्रामबागला मेहुणीकडे गेलो. परतलो तेव्हा गाळ्यात गुडघाभर चिखल होता. फोमचे गठ्ठे नदीच्या गाळानं फुगलेले, शिवलेल्या पिशव्या कुठल्या कुठं गेलेल्या. मालाचं नुकसान मोजता आलं. पिंप मात्र आडवा पडून रिकामा झाला होता, आणि ठकीचा फिल्टरही इतके दिवस बंद राहून मेला होता. पाच वर्षं जपलेलं विरजण गेलं.

मी कुणाकडे मागितलं नव्हतं. बायकोनं दोन जणींना फोनवर सहज सांगितलं असावं. आठवड्याभरात मिरजेहून एक आजोबा स्टीलच्या डब्यात रिंगा घेऊन आले, टाकीच्याच पाण्यात बुडवलेल्या. २०१५ साली त्यांच्या नातवाला आम्ही दिलेल्या विरजणाच्या. मग इचलकरंजीहून, कोल्हापूरहून. एकूण नऊ घरांतून रिंगा आल्या. ज्या टाकीतलं कासव आजारी होतं अशा एका घराला मात्र मी हात जोडून नको म्हटलं. विरजणातून रोगही जातो.

आज गाळा पहिल्या मजल्यावर आहे, हाताखाली तीन माणसं आहेत. कासव आम्ही विकत नाही, कधीच विकणार नाही. नदीकाठचं देशी कासव कुणी पाळायला आणलं तर त्याचं काम घेत नाही; १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे, आम्ही वनविभागाचा १९२६ हा क्रमांक देतो. आणि लाल पट्ट्याचं कासव कंटाळा आला म्हणून कृष्णेत सोडू नका. ते परदेशी आहे, देशी कासवांच्या जागा आणि खाणं बळकावतं. सांभाळणं होत नसेल तर आम्हाला सांगा, दुसरं घर शोधायला मदत करू. आजवर सात कासवांना शोधलं.

ठकीची पाठ आता २४ सेंटीमीटर आहे. मुलगी शिकायला पुण्यात असते. रोज सकाळी गाळा उघडला की मी आधी ठकीच्या टाकीतलं तांब्याभर पाणी पिंपात ओततो, मग शटरला उदबत्ती लावतो.