एका तुकडीच्या बारा तुकड्या

शुक्रवारी दुपारी चार वाजता ऑफिसमधल्या नऊ जणांनी हेडफोन चढवले आणि माझं मिशन सुरू झालं. माझं म्हणजे खरंच माझं, दीड महिना रोज त्यावरच बसलो होतो. पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर म्हणून लागलो होतो आणि लीड मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, आपल्या इंजिनला आत्ता हात लावू नकोस, आधी आर्मा ३ चा ईडन एडिटर, म्हणजे त्या गेममध्ये स्वतःची मिशन बनवायचं साधन, शीक, एक मिशन बनव, आपण सगळे ते खेळू, मग पुढचं बघू. तेव्हा वाटलं होतं की नोकरी लागली आणि दुसऱ्यांचाच गेम खेळत बसायचंय. पण आज कुणी विचारलं की डिझाईन कुठं शिकलास तर मी कॉलेजचं नाव घेणार नाही, त्या शुक्रवारचं घेईन.

ज्यांनी आर्मा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा हा लष्करी सिम्युलेशन गेम, तिसरा भाग २०१३ चा. ह्याच लोकांनी २००१ मध्ये ऑपरेशन फ्लॅशपॉइंट काढला होता आणि तेव्हापासूनच खेळणाऱ्याच्या हातात मिशन एडिटर द्यायची त्यांची पद्धत आहे. जगभरात किती जण ह्यातनं घडले बघा, डे-झी हा आधी आर्मा २ चा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी मूळ गेममध्ये बदल करून बनवलेला गेम, होता, आणि आपल्याकडे गल्लीगल्लीत पोरं जो पबजी खेळत होती तो बनवणारा ब्रेंडन ग्रीन, त्यानंही बॅटल रॉयलची, म्हणजे शेवटपर्यंत जगेल तो जिंकला अशा खेळाची, सुरुवात आर्मा २ च्याच मॉडवर केली. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी त्या एडिटरकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

माझा नकाशा स्ट्रॅटिस. छोटं बेट, एजियन समुद्रातल्या आगियोस एफस्ट्राटियोस नावाच्या खऱ्या ग्रीक बेटावर बेतलेलं. मोठा नकाशा अल्टिस, तो लेमनॉसवर बेतलेला, आणि तिथं २०१२ मध्ये ह्याच स्टुडिओच्या दोघांना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं होतं, चार महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात होते बिचारे. मिशन साधं होतं. पहाटे साडेचारला आगिया मरीना गावापासून निघायचं, कॅम्प रोगेनला कैदेत असलेला पायलट सोडवायचा, हेलिकॉप्टरनं बाहेर पडायचं. कागदावर चार ओळी. पण त्यातल्या नुसत्या हेलिकॉप्टरनं माझे चार दिवस खाल्ले, कारण वेपॉइंट, म्हणजे कुठं जायचं ती खूण, टाकला, प्रकार बरोबर निवडला, तरी ते यायचं, वर घिरट्या घालायचं, आणि मला पाहिजे त्या जागी उतरायचंच नाही. मग कळलं की तिथं एक अदृश्य हेलिपॅड ठेवावं लागतं, खेळणाऱ्याला दिसत नाही पण गेमच चालवत असलेल्या एआय पायलटला दिसतं. ते ठेवलं तर उतरायला लागलं, पण गोळ्या सुरू झाल्या की परत बिथरायचं, म्हणून त्याचं वागणं केअरलेस करून ठेवलं, म्हणजे आजूबाजूला काहीही होऊ दे, तो आपला उतरणार. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते धुळीत व्यवस्थित टेकलं तेव्हा मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो होतो.

गुरुवारपर्यंत मी ते मिशन माझ्या पीसीवर पन्नासेक वेळा तरी खेळलो असेन. कॅम्पभोवती एक ट्रिगर टाकला होता, म्हणजे अट पूर्ण झाली की ठरवलेलं काम करणारी जागा, आपला माणूस आत शिरला की मागच्या टेकडीवर शत्रूची आठ जणांची कुमक तयार होते आणि खाली उतरते. आठ का, तर नऊ जणांना घाम फुटेल पण जिंकता येईल, हे मी मोजून मापून ठरवलेलं. प्रत्येक वेळी बरोब्बर आठच यायचे.

शुक्रवारी ऑफिसच्याच एका मशीनवर डेडिकेटेड सर्व्हर लावला, म्हणजे त्यावर कुणी खेळत नाही, ते फक्त सगळ्यांचा गेम चालवतं. नऊ जण खेळणार, मी आणि मॅडम बघायच्या स्लॉटमध्ये. पहिली वीस मिनिटं इतकी मस्त गेली की काय सांगू, अंधारात दोन टीम करून सगळे सरपटत चाललेत, आमची क्यूएवाली, म्हणजे गेम तपासून चुका शोधणारी, पुढं, आर्टवाला दादा मशीनगन घेऊन मागं, कुणी जोरात बोलत नाहीये, ऑफिसमध्ये नुसता एसीचा आवाज. ती कॅम्पच्या तारेजवळ पोचली, आत शिरली, माझा ट्रिगर पेटला. आणि टेकडीवरून हिरवे ट्रेसर, म्हणजे उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळ्या, सुटले. चार-पाच ठिकाणांहून नाही, अख्ख्या टेकडीवरून. झाडांच्या मधनं माणसंच माणसं उतरत होती, एकमेकांना खेटून, सर्व्हर अडखळायला लागला, माणसं धावताना मधेच गायब होऊन पुढं उगवायला लागली. दोन मिनिटांत आमचे नऊच्या नऊ जण खलास. आर्टवाला दादा हेडफोन काढून म्हणाला, "अरे, किती माणसं टाकलीयेस तू?"

मी म्हटलं, आठ. आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी डिबग कन्सोल, म्हणजे चालू गेमला थेट कमांड द्यायची खिडकी, उघडली, एक ओळ टाईप केली आणि कुमकेचे ग्रुप मोजले. उत्तर आलं १२. प्रत्येकात आठ, म्हणजे ९६ माणसं. मी स्क्रीनकडे बघत बसलो, की बाबा मी तर एकच तुकडी लिहिली होती, ही बारा आली कुठून. तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवणारा लूप नाही, काही नाही. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि एवढंच विचारलं, "आत्ता ह्या मिशनमध्ये मशीन किती आहेत, मोज बरं."

नऊ खेळणारे. मॅडम दहा. मी अकरा. सर्व्हर बारा.

पाठीवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. एडिटरमध्ये टाकलेला ट्रिगर एका जागी नसतो, तो जोडलेल्या प्रत्येक मशीनवर असतो आणि प्रत्येक मशीन आपापली अट तपासतं. क्यूएवाली आत शिरली ते बाराही मशीननं बघितलं आणि बाराही मशीननं इमानदारीत माझी ओळ चालवली, की आठ माणसं तयार कर. माझ्या पीसीवर मी पन्नास वेळा खेळलो तेव्हा मशीन एकच होतं, म्हणून तुकडी एकच होती. ट्रिगरच्या खिडकीत "फक्त सर्व्हर" अशी एक चौकोनी टिक आहे, दीड महिना ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला हात लावलेला नव्हता, कारण माझ्या एकट्याच्या जगात तिचा काही उपयोगच नव्हता.

टिक केली. साडेपाचला परत सुरू. ह्या वेळी आठच आले, आणि मी श्वास सोडणार तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कुमक आल्यावर स्क्रीनवर जो रेडिओ मेसेज यायचा तो कुणालाच दिसला नाही, कारण तोही त्याच ट्रिगरमध्ये होता आणि आता फक्त सर्व्हरवर चालत होता, आणि सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक डबा, त्याच्यासमोर वाचायला कोण बसलंय? दुसरी गोष्ट जास्त लागली. क्यूएवाली पायलटपर्यंत पोचली, बटण दाबून धरलं, दोर सोडल्याची स्क्रीनवरची पट्टी पूर्ण भरली, आणि पायलट तसाच बसून राहिला. तिनं परत दाबलं. परत. बाहेर आर्टवाला दादा एकटा मशीनगनवर तग धरून होता आणि ही आत त्या पायलटला म्हणत होती, "अहो उठा ना, चला ना!" ती खरंच मनापासून म्हणत होती, माझ्या घशात आवंढा आला. कारण त्याच प्रकारचं. पायलटला हलवायची कमांड तिच्या मशीनवर चालली, पायलट मात्र सर्व्हरच्या ताब्यात होता, आणि ती कमांड ज्याच्या ताब्यात माणूस असतो तिथंच चालवली तर लागू होते. तिच्या मशीननं हाक मारली, ती जिथं पोचायला हवी तिथं पोचलीच नाही.

सात वाजता सगळे घरी गेले. मी थांबलो, मॅडमही थांबल्या. त्यांनी मला कोड दुरुस्त करू दिला नाही, आधी एका कागदावर माझी प्रत्येक ओळ लिहायला लावली आणि पुढं तीन रकाने: हे ठरवणार कोण, हे करणार कोण, हे दिसणार कुणाला. कुमक: सर्व्हर ठरवणार, सर्व्हर करणार, सगळ्यांना दिसणार. मेसेज: सर्व्हर ठरवणार, पण दाखवायचं काम प्रत्येकाच्या मशीननं करायचं, म्हणून रिमोटएक्झेकनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायच्या सोयीनं, सगळीकडे पाठवायचा. पायलट: ठरवणार खेळणारी, करणार सर्व्हर. असं करत करत साडेनऊ वाजले, कँटीन बंद झालेलं, मॅडमनी डब्यातल्या उरलेल्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी पुढं सरकवली. आणि त्या कागदावरच आम्हाला आणखी एक चूक सापडली जी कुणालाच अजून लागली नव्हती. हेलिकॉप्टर बोलवायचा ट्रिगर मी परतीच्या रस्त्यावर टाकला होता, म्हणजे लोक त्याच रस्त्यानं येतील असं मी धरूनच चाललो होतो. ते दरीतून लांबचा वळसा घालून आले असते तर हेलिकॉप्टर आलंच नसतं, सकाळपर्यंत बसले असते वाट बघत. मॅडम म्हणाल्या, "रस्त्याला बांधू नकोस, पायलट सुटला ह्या गोष्टीला बांध. रस्ता त्यांचा त्यांना निवडू दे." मला वाटतं त्या दिवशी मला मिळालेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच.

सोमवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा खेळलो. कुमक आली, आठ. मेसेज आला, सगळे एकदम "आला आला" म्हणाले. क्यूएवालीनं बटण दाबून धरलं, पायलट उठला, तिच्या मागं चालायला लागला, आणि गंमत म्हणजे हे सगळे खरंच दरीतूनच निघाले, मी ठरवलेल्या रस्त्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. हेलिकॉप्टर आलं आणि टेकलं. नऊपैकी सहा जण आत बसले. आर्टवाला दादा राहिला, तो मुद्दाम मागं थांबला होता बाकीच्यांना वेळ मिळावा म्हणून, हे मी कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्याचं त्यानं ठरवलं. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा खालून अजून त्याच्या मशीनगनचा आवाज येत होता आणि ऑफिसमध्ये कुणी काही बोललं नाही.

नंतर मी मिशनची फाइल मॅडमना द्यायला गेलो. त्यांनी विचारलं, "शुक्रवारचीही ठेवलीयेस ना?" मी म्हटलं, हो, आहे बॅकअपमध्ये. "मग ती दे. पुढच्या महिन्यात नवीन मुलगी जॉइन होतीये, तिला ती बारा तुकड्यांवालीच उघडून देऊ. आणि तिला टिकबद्दल आधी काही सांगू नकोस."