आधी मोजे, मग मंदिर

जपानच्या सहलीआधी रेल्वे पास आणि चेरीच्या बहराच्या तारखा यांवर भरपूर काथ्याकूट होतो. बुटांचा विचार मात्र कुणी करत नाही. क्योतोत एका दिवसात तीन-चार मंदिरं पाहायची, तर तितक्या वेळा बूट काढा-घालायचे असतात. घोट्यापर्यंत नाड्या आवळलेला ट्रेकिंगचा बूट असेल, तर दुसऱ्याच दारात मागे रांग तुंबते. हात न लावता पाय आत सरकेल, पण दिवसभर खडीवर चालता येईल, असा बूट घ्यावा.

देवळाबाहेर चपला काढणं आपल्याला नवं नाही. आत असतानाही अर्धं चित्त बाहेरच्या चपलांपाशीच असतं. जपानमध्ये ती धास्ती नाही. कप्पे असतात किंवा पिशवी मिळते. चूक होते ती दारातच. बूट खालच्या फरशीवर काढायचे आणि मोजे घातलेला पाय थेट वरच्या लाकडी फळीवर ठेवायचा. मोजा फरशीला लागला की धूळ आत गेली. बूट फळीला लागला तर त्याहून वाईट. एका पायावरची ही कसरत दोन दिवसांत जमते. अनवाणी आत शिरण्याची आपली सवयही इथे उपयोगाची नाही, तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटयांवर, उघडे पाय बरे दिसत नाहीत. सँडल घालणाऱ्यांनी बॅगेत मोजे ठेवावेत, अंगठ्याला भोक नसलेले.

क्योतोच्या निजो किल्ल्यातला निनोमारू महाल तर तळव्यांनीच पाहायचा. शोगुनसाठी, म्हणजे त्या काळच्या लष्करी राज्यकर्त्यासाठी, 1603 मध्ये बांधलेल्या या किल्ल्यात महालाच्या ओसरीवर पाऊल पडलं की फळ्या चिवचिवतात. खाली लोखंडी आकडे खिळ्यांनी बसवलेले आहेत. वजनाने फळी हलली की लोखंड खिळ्याला घासतं. शत्रूची चाहूल लागावी म्हणून ही मुद्दाम केलेली योजना, की नुसती झीज, यावर मतभेद आहेत. चवड्यांवर चालून पाहा, तरी आवाज येतोच. आत फोटो काढायला मनाई आहे, हे उत्तमच. नाहीतर सोनेरी भिंतींवरच्या चित्रांकडे कुणी धड पाहिलं नसतं.

हिमेजी किल्ल्याचा मुख्य बुरूज 1609 चा. बाहेरून पाच मजली दिसतो, आत तळघर धरून सात मजले निघतात. दारात बूट पिशवीत घालून ती हातात धरायची आणि जिने चढायचे. जिने उभे, पायऱ्या माणसांच्या वर्दळीने गुळगुळीत आणि एक हात पिशवीत अडकलेला. उतरताना खरी परीक्षा असते. पिशवी मनगटाला अडकवावी, म्हणजे कठडा धरता येतो. मात्सुमोतोच्या किल्ल्यात तर एक जिना 61 अंशांचा आहे. तिथे पाठीवरची मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्येच ठेवून जावं. ओसाकाचा किल्ला 1931 मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला. तिथे बूटही पायात राहतात आणि लिफ्टही आहे. गुडघे सुखावतात, जुन्या लाकडाच्या ओढीने गेलेल्याची मात्र निराशा होते.

क्योतोतल्या र्योआन्जी मंदिराची शिळाबाग बसून पाहायची. पांढऱ्या खडीत 15 दगड आहेत. ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा लपतोच. म्हणून एका जागी चिकटून न राहता ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जावं. पाय खाली खडीवर टेकवू नयेत. दार उघडताच सकाळी गेलात तर बसायला जागा मिळते. नंतर सहलींचे घोळके येतात.

फिरायच्या बागांत बूट पायातच असतात, पण तिथे पाऊल कुठे टाकायचं ते बाग ठरवते. वाटेतल्या दगडावर काळ्या दोरीने बांधलेला मुठीएवढा गोटा दिसला, तर पुढे जायचं नाही. पाटी नाही, साखळी नाही. न समजून तो ओलांडणारे पाहुणे रोजच असतात.

हिवाळ्यात क्योतोतल्या सान्जूसान्गेन्दो मंदिरासारखं सुमारे 120 मीटर लांबीचं दालन मोज्यांनी पार करताना करुणेची देवता कानोन हिच्या 1001 मूर्तींकडे लक्ष लागण्याआधी पाय गारठतात. लोकरीचे मोजे हवेत. पावसाळ्यात उलटी अडचण होते: ओले मोजे लाकडावर ठसे उमटवतात आणि पाय घसरतो. सुका जोड जवळ नसेल तर कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसनच्या दुकानात मोजे मिळतात. मात्र ते मंदिरात शिरण्याआधीच घ्यावेत, कारण बऱ्याच ठिकाणी बंद होण्याच्या अर्धा तास आधीच तिकीट देणं थांबतं.